विश्रांतीचा प्रश्न : ऋतुकाल, मैदान आणि मजुरी (१८७३ ते २०१९)

प्रस्तावना

स्त्रीच्या ऋतुकालाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा विटाळ, शिवताशिवत आणि धर्मशास्त्रातील त्रिरात्रीचे निर्बंध यांकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. परंतु या निर्बंधांना समांतर असा आणखी एक निर्बंध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आला. त्याची भाषा धर्माची नव्हती, वैद्यकशास्त्राची होती. पाळीच्या दिवसांत मुलीने व्यायाम करू नये, घोड्यावर बसू नये, इतकेच नव्हे तर अभ्यासही बेताने करावा, असे सांगणारे येथे पुरोहित नव्हते, नामांकित डॉक्टर होते. या उपदेशास त्यांनी 'विश्रांती' असे नाव दिले.

ही विश्रांती कोणावर लादली गेली आणि कोणाला नाकारली गेली, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. विवेचनाचा आरंभ अमेरिकेपासून करावा लागतो, कारण या विषयावरील पहिला मोठा ग्रंथगत वाद तेथे झडला. त्याचा शेवट मात्र आपल्याच राज्यातील ऊसाच्या फडात होतो.

डॉ. क्लार्क यांचा सिद्धांत

१८७३ साली बोस्टन येथील डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे 'सेक्स इन एज्युकेशन' हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. क्लार्क हे हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. शरीरातील शक्तीचा साठा मर्यादित असतो आणि वयात येणाऱ्या मुलीची शक्ती मेंदूने ओढून घेतली तर जननेंद्रियांची वाढ खुंटते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. मुलांनी दिवसाला सहा तास अभ्यास करावा, मुलींनी चार ते पाच. आणि दर चौथ्या आठवड्यात मुलींचा अभ्यास व व्यायाम दोन्ही कमी करावेत, प्रसंगी थांबवावेत, अशी त्यांची शिफारस होती. या पुस्तकाच्या अल्पावधीत अनेक आवृत्त्या निघाल्या.

आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ क्लार्क यांनी मोजक्या रुग्णांच्या हकिगती दिल्या आहेत. त्यांतील एक मुलगी व्हॅसर या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत होती आणि पाळीच्या काळात व्यायामशाळेत कसरत करताना ती मूर्च्छित झाली, असे ते सांगतात. व्हॅसरच्या निवासी डॉक्टर अलिडा एव्हरी यांनी याला उत्तर दिले. ते ज्युलिया वॉर्ड होवे यांनी १८७४ मध्ये संपादित केलेल्या प्रत्युत्तरपर लेखसंग्रहात समाविष्ट आहे. आमच्या विद्यार्थिनींना पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत कसरत करण्यास सक्त मनाई आहे आणि घोडेस्वारीसही परवानगी नाही, सबब क्लार्क म्हणतात तसे घडणे शक्य नाही, असा त्यांचा खुलासा होता. संस्थेचा बचाव झाला खरा. परंतु प्रतिपक्षाचे गृहीतक जसेच्या तसे मान्य करूनच तो झाला. मुलींना शिकू द्यायचे असेल तर त्यांना मैदानापासून दूर ठेवतो, अशी ही तडजोड होती, आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी ती पुढे बराच काळ पाळली. १८९३ मध्ये स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींसाठी बास्केटबॉल सुरू केला, तेव्हा मैदानाचे तीन भाग करून खेळाडूंना आपापल्या भागातच बांधून ठेवले, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

क्लार्क यांच्या पुस्तकातील एक मुद्दा वाचकांच्या नजरेतून सहसा निसटतो. कारखान्यात राबणाऱ्या मुलींना विद्यार्थिनींइतका त्रास होण्याचा संभव नाही, असे ते म्हणतात. कारण त्या मेंदूचा वापर कमी करतात. तेव्हा विश्रांतीचा हा सिद्धांत मुळातच मध्यमवर्गीय मुलीसाठी रचलेला होता. सूतगिरणीत दहा-बारा तास उभ्या असणाऱ्या मुलीचे गर्भाशय डॉक्टरांच्या चिंतेचा विषय नव्हते. स्त्रीच्या नाजूक प्रकृतीविषयीचे हे शास्त्र वर्ग पाहून लागू होत असे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

डॉ. मेरी पटनम जेकोबी यांचे उत्तर

१८७६ चे हार्वर्डचे बॉयल्स्टन पारितोषिक पाळीच्या काळात स्त्रीला विश्रांतीची गरज आहे काय, या विषयावरील निबंधाला मिळाले. निबंध निनावी पाठवायचे असत. पारितोषिकपात्र निबंधाची लेखिका स्त्री निघाली : न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी. ज्या हार्वर्डने हा सन्मान केला, त्याच्या वैद्यक महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले.

जेकोबी यांच्या पद्धतीचे वेगळेपण असे की, त्यांनी स्त्रियांनाच विचारले. एक हजार प्रश्नावल्या त्यांनी पाठविल्या; २६८ स्त्रियांची उत्तरे आली. किती वेदना होतात, किती चालता येते, शाळेत असताना व्यायाम होता काय, पाळीत विश्रांती घेत होता काय, अशी विचारणा त्यांत होती. याशिवाय काही स्त्रियांच्या नाडीचे आलेख त्यांनी स्फिग्मोग्राफ या यंत्राने काढले, स्नायूंची ताकद मोजली, शरीराचे तापमान नोंदविले. पाळी म्हणजे शक्तीचा ऱ्हास नव्हे. शरीरात पोषणाची लाट दर महिन्याला चढते आणि उतरते, असे त्यांचे अनुमान होते. या अनुमानातील शरीरशास्त्र आज जसेच्या तसे टिकणारे नाही. पण त्यांचा निष्कर्ष टिकला : जिचे पोषण नीट आहे अशा स्त्रीला केवळ पाळी आली म्हणून विश्रांतीची आवश्यकता नाही.

येथवरचा भाग स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तथापि जेकोबी येथे थांबल्या नाहीत. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्याच कमी स्त्रियांना कमीअधिक वेदना होत होत्या, ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. ज्या स्त्रिया मालकाच्या हुकमाखाली काम करतात, त्यांना वेदनेच्या काळात शक्य तेथे विश्रांती देणे हा माणुसकीचा तकाजा आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. विद्यार्थिनीवरील सक्तीची विश्रांती उठवावी आणि मजूर स्त्रीला मागितलेली विश्रांती मिळावी, ही दोन्ही विधाने एकाच ग्रंथात आहेत आणि त्यांत विसंगती नाही. क्लार्क यांचे वर्गीकरण त्यांनी नेमके उलटे केले. मला हे त्यांच्या ग्रंथाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते. दुर्दैवाने पुढील पिढ्यांनी पहिले विधान उचलले आणि दुसरे विसरून टाकले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक नोंद येथे करणे उचित ठरेल. पेनसिल्व्हेनियातील ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून जेकोबी १८६४ साली पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयात डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये प्रवेश घेतला आणि १८८६ मध्ये एम. डी. पदवी मिळविली. क्लार्क यांच्या पुस्तकाला तेव्हा उणीपुरी तेरा वर्षे झाली होती.

साधने आणि जाहिराती

वैद्यकीय वाद काही असला, तरी प्रत्यक्ष प्रवासात आणि मैदानात प्रश्न होता तो कापडाचा. घडी केलेली फडकी वापरायची, धुवायची, वाळवायची. घरात हे कसेबसे होत असे, आगगाडीत किंवा जहाजावर ते जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच वापरून टाकून देण्याच्या पट्ट्यांचे पहिले गिऱ्हाईक प्रवासी स्त्री होती. बर्मिंगहॅमच्या साउथॉल कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पट्ट्यांची जाहिरात प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी अत्यावश्यक वस्तू म्हणून केली. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून बनविलेला शोषक पदार्थ परिचारिकांनी स्वतःसाठी वापरून पाहिला आणि त्यातून १९२० च्या सुमारास 'कोटेक्स' बाजारात आले. १९२७ मध्ये अभियंत्या लिलियन गिलब्रेथ यांनी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीसाठी स्त्रियांची पाहणी करून अहवाल दिला. बाजारातील पट्ट्या फार मोठ्या असून कपड्यांतून दिसतात, ही स्त्रियांची तक्रार त्यात नोंदलेली आहे. पुरुषांनी बनविलेली वस्तू वापरणाऱ्या स्त्रीला विचारून सुधारण्याचा हा आरंभीचा प्रयत्न म्हटला पाहिजे.

अर्ल हास यांना १९३३ मध्ये टॅम्पॉनचे पेटंट मिळाले आणि १९३६ पासून 'टॅम्पॅक्स'ची विक्री सुरू झाली. पोहणाऱ्या, खेळणाऱ्या स्त्रिया हा या वस्तूच्या जाहिरातींचा नेहमीचा विषय बनला. क्लार्क यांनी जे निषिद्ध ठरविले होते, नेमके तेच आता विक्रीचे चित्र झाले. परंतु अज्ञान सहजासहजी हटत नाही. १९८३ मध्ये सॅली राइड अंतराळात निघाल्या, तेव्हा सहा दिवसांच्या त्या मोहिमेसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील काय, असे नासाच्या अभियंत्यांनी त्यांना विचारले होते!

मैदानावरचे मौन

साधने आली, तरी खेळाच्या संघटनांचे मन बदलले नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लिना राडके यांनी ती विश्वविक्रमी वेळेत जिंकली. वृत्तपत्रांनी मात्र धावपटू एकामागून एक कोसळल्याची अतिरंजित वर्णने छापली, आणि ही शर्यत १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत बंद राहिली. पुरुष धावपटू शर्यत संपताच जमिनीवर पडला तर तो पराक्रम. स्त्री पडली तर तिच्या मातृत्वाला धोका.

पुढे स्त्रिया धावू लागल्या, पण पाळीविषयी बोलणे वर्ज्यच राहिले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने रिले शर्यतीनंतर, आदल्या रात्री पाळी सुरू झाल्याने थकवा आला होता, असे कॅमेऱ्यासमोर सांगितले, तेव्हा ती जगभर बातमी झाली. शुभ्र पोशाखाचा आग्रह धरणाऱ्या विम्बल्डनने २०२३ पासून स्त्री-खेळाडूंना गडद रंगाची अंतर्वस्त्रे वापरण्याची मुभा दिली. ज्या स्पर्धेत स्त्रिया १८८४ पासून खेळत आहेत, तिला एवढी साधी गोष्ट कळण्यास १३९ वर्षे लागली.

हुकमाखालील स्त्री

आता जेकोबी यांच्या विसरलेल्या विधानाकडे वळू. मजूर स्त्रियांनी पाळीच्या काळातील रजेची मागणी जेथे संघटितपणे केली, त्यांत जपानचे उदाहरण ठळक आहे. १९२८ च्या सुमारास टोकियोच्या शहर बससेवेतील स्त्री-वाहकांनी ही मागणी पुढे आणली. तिच्यामागे नाजूकपणाचा दावा नव्हता. दिवसभर बसमध्ये उभे राहायचे आणि मार्गावर शौचालय नाही, ही वस्तुस्थिती होती. १९४७ च्या कामगार कायद्यात या रजेला स्थान मिळाले. आपल्याकडे बिहारमध्ये शासकीय सेवेतील स्त्रियांना १९९२ पासून दरमहा दोन दिवसांची विशेष रजा मिळते. ती कायम नोकरीतील स्त्रियांची. रोजंदारीवरील बाईला रजा हा शब्दच लागू नाही.

महाराष्ट्रातील पारंपरिक व्यवस्थेतही हा भेद दिसतो. 'बाहेर बसलेल्या' स्त्रीला स्वयंपाकघर आणि देवघर बंद असे. त्यातून तिला विश्रांती मिळे, असे समर्थन आजही ऐकू येते. पण ज्या घरचे पोट मजुरीवर चालते, तेथील स्त्रीचे शेत त्या दिवसांत कधी बंद झाले नाही. विटाळ चुलीला होता, खुरप्याला नव्हता.

या भेदाचे टोक ऊसतोडीत दिसते. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पहाटेपूर्वी फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन वाहनात भरायच्या. मुक्काम कोपीत, तेथे शौचालय नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचे. घडी किंवा पॅड असले तरी ते बदलायला आडोसा लागतो आणि हात धुवायला पाणी. काम चुकले की 'खाडा' पडतो, त्याचा दंड उचलीतून वळता होतो. आणि खाडा कोयत्याचा असल्याने एकीच्या दुखण्याची किंमत दोघांना मोजावी लागते.

२०१९ मध्ये या भागातील तरुण स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची वृत्ते प्रसिद्ध झाली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा स्त्रियांमागे एक. या सर्वांचे कारण केवळ खाडा होता, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. अंगावर काढलेले आजार, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, लहान वयातील लग्ने आणि बाळंतपणे, कर्करोगाची घातलेली भीती, खासगी दवाखान्यांचा लोभ, असे अनेक धागे त्यात गुंतले आहेत. परंतु पिशवी काढली की दर महिन्याची कटकट जाईल आणि काम बुडणार नाही, हा हिशेब स्त्रियांनी स्वतः बोलून दाखविला आहे. शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यासाठी पुन्हा उचल, आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फड.

क्लार्क यांना भीती होती की, अभ्यासाने मुलीचे गर्भाशय निकामी होईल. जेकोबी यांनी विचारलेल्या २६८ स्त्रियांत ते कोठे आढळले नाही. समितीच्या पाहणीनंतर बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. त्यामुळे डॉक्टरांवर काही वचक बसला. फडाजवळ न्हाणी बांधणे आणि पाळीच्या दिवसाचा खाडा माफ करणे या गोष्टी मात्र कारखाना आणि मुकादम यांच्या अखत्यारीतील होत, आणि शस्त्रक्रियेच्या परवानगीचा नियम त्यांना लागू होत नाही.