जनरल स्मट्स यांचा शब्द

गांधीजींच्या चरित्रात जनरल स्मट्स हे नाव आपण लहानपणापासून वाचत आलो. पण नेहमी प्रतिपक्षाचे म्हणून. त्या माणसाची स्वतःची कथा आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. वकील, सेनापती आणि मुत्सद्दी अशा तिन्ही भूमिका गाजवणाऱ्या या पुरुषाची सारी हयात शब्दांचे वजन तोलण्यात गेली, आणि अखेर शब्दांनीच त्यांना गाठले.

यान ख्रिश्चन स्मट्स यांचा जन्म २४ मे १८७० रोजी केप वसाहतीतील एका बोअर शेतकऱ्याच्या घरी झाला. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना शाळा ठाऊक नव्हती. थोरला भाऊ वारला, तेव्हा शिकण्याची पाळी धाकट्यावर आली. १८९१ साली ते केंब्रिजला गेले. त्याच वर्षी, त्यांच्याहून काही महिन्यांनीच मोठे असलेले मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले होते. कायद्याच्या परीक्षेचे दोन्ही भाग स्मट्स यांनी एकाच वर्षी पहिल्या वर्गात पार केले, आणि १८९८ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अध्यक्ष क्रूगर यांनी त्यांना ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे सरकारी वकील नेमले.

पुढच्याच वर्षी इंग्रजांशी युद्ध जुंपले. १९०० च्या जूनमध्ये प्रिटोरिया पडले आणि वकीलसाहेब घोड्यावर बसले. १९०१ मध्ये स्वारांच्या एका लहानशा तुकडीनिशी ते शत्रूच्या केप वसाहतीत घुसले आणि उपासमार, पाऊस, पाठलाग या साऱ्यांना पुरून उरले. आपल्या मावळ्यांच्या गनिमी काव्याची आठवण व्हावी, असे ते धाडस होते. खोगिराच्या पिशवीत तत्त्ववेत्ता कांट याचा ग्रंथ असे, असे सांगतात. पण इकडे इंग्रजांनी शेते जाळली आणि बोअर बायकामुले छावण्यांत कोंडली. तेथे सव्वीस हजारांवर जीव गेले. तेव्हा रणात न हरलेल्या या सेनापतीनेच तहाचा पक्ष घेतला.

३१ मे १९०२ च्या त्या तहात एक कलम होते. मूळनिवासी आफ्रिकनांना मताधिकार द्यावा की नाही, याचा निर्णय स्वराज्य मिळाल्यानंतर करावा, असा त्याचा अर्थ. ही शब्दयोजना स्मट्स यांची. वाचताना निरुपद्रवी वाटते. पण स्वराज्य गोऱ्यांच्याच हाती येणार होते, आणि ते कधी मताधिकार देणार?

ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले, स्मट्स मंत्री झाले आणि हिंदी लोकांवर सक्तीच्या नोंदणीचा कायदा आला. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना तुरुंगातून प्रिटोरियाला आणून स्मट्स यांनी बोलणी केली. हिंदी लोकांनी आपणहून नोंदणी केली तर कायदा रद्द होईल, असे गांधीजी समजले. नोंदणी झाली, कायदा राहिला. आपण तसे वचन दिलेच नव्हते, असे स्मट्स म्हणाले. १६ ऑगस्ट रोजी जोहान्सबर्गला दोन हजारांवर नोंदणीपत्रांची होळी झाली.

चार वर्षांनी आपले गोपाळ कृष्ण गोखले तेथे गेले. गिरमिटातून सुटलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा वार्षिक कर उठेल, अशी समजूत मंत्र्यांच्या भेटीतून घेऊन ते परतले. पुढे सरकारने तेही वचन नाकारले. १९१३ च्या सत्याग्रहात खाणीतले मजूर आणि घरातल्या बायका उतरल्या, तेव्हा कुठे १९१४ मध्ये तो कर गेला. निघताना गांधीजींनी तुरुंगात स्वतः केलेल्या चपला स्मट्स यांना भेट दिल्या.

त्यानंतर स्मट्स जगाचे झाले. १९१७ मध्ये लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात बसले. ब्रिटनचे स्वतंत्र विमानदल त्यांच्या अहवालातून उभे राहिले. राष्ट्रसंघाची योजना त्यांनी लिहिली. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर सही केली, पण जर्मनीवर लादलेल्या कठोर अटींचा निषेध नोंदवून. पराभूताचे दुःख त्यांना ठाऊक होते. १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीनिमित्त त्यांनी त्या चपला परत पाठवल्या. आपण त्या अनेक उन्हाळे वापरल्या, पण एवढ्या थोर माणसाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असे त्यांनी लिहिले. हे ढोंग नव्हते. माणूस मनाने मोठा होता. त्याच्या न्यायाला मात्र कुंपण होते.

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना तयार झाली. मानवाचे मूलभूत हक्क आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांची ग्वाही देणाऱ्या त्या प्रस्तावनेचा मूळ मसुदा स्मट्स यांचाच. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर निर्बंध घालणारा कायदा केला. हिंदुस्थानने संयुक्त राष्ट्रांपुढे तक्रार नेली. विजयालक्ष्मी पंडित बोलल्या, आणि डिसेंबर १९४६ मध्ये ३२ विरुद्ध १५ मतांनी हिंदुस्थानच्या बाजूने ठराव संमत झाला. वकिलाला त्याच्याच मसुद्यातल्या तत्त्वांनी हरवले.

१९४८ मध्ये गोऱ्या मतदारांनीही त्यांना दूर केले आणि वर्णभेदाचे उघड राज्य आणले. ११ सप्टेंबर १९५० रोजी स्मट्स वारले. १९०२ च्या कलमाने पुढे ढकललेला मताधिकाराचा प्रश्न सुटायला एप्रिल १९९४ उजाडावा लागला. त्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एका रांगेत उभे राहून मत दिले.