पढतमूर्ख आणि विचार करणारे यंत्र : एका वर्गवारीचा इतिहास

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा जालना, अशी जालना शहराची रचना आहे. या शहरातील मस्तगड ही गढी निजाम-उल्-मुल्क आसफजाह याच्या काळात, १७२५च्या सुमारास बांधली गेली. तेथील बांधकामाची नोंद करणारा शिलालेख फारसी आहे. उर्दू लिपी जाणणारा, परंतु फारसी न शिकलेला वाचक या लेखापुढे उभा राहिला, तर बरीचशी अक्षरे त्याला लावता येतील, काही शब्दही ओळखीचे वाटतील. पण वाक्याचा अर्थ त्याच्या हाती लागेलच असे नाही. अक्षरे लावणे आणि अर्थ कळणे या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या पडू शकतात, ही साधी गोष्ट अशा अनुभवातून स्पष्ट होते. गेल्या पाऊणशे वर्षांत 'यंत्र विचार करू शकते काय?' या प्रश्नाभोवती जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच भेद आहे.

या भेदाची एक देशी मांडणी जालना जिल्ह्यातच जन्मलेल्या ग्रंथकाराकडे सापडते. समर्थ रामदास (१६०८–१६८१) यांचे जन्मगाव जांब हे आज घनसावंगी तालुक्यात मोडते. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खाच्या लक्षणांनी होतो आणि शेवटचा, दहावा समास 'पढतमूर्खा'ची लक्षणे सांगतो. पढतमूर्ख अडाणी नसतो. तो बहुश्रुत असतो, व्युत्पन्न असतो, ब्रह्मज्ञानही नीट समजावून सांगू शकतो. पाचव्या दशकातील 'बहुधा ज्ञान' हा समास याच्याही पुढे जातो. नाना विद्या, नाना कला, नाना परीक्षा यांची लांबलचक यादी देऊन, फार काय, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचे सामर्थ्यही त्या यादीत घालून, यांपैकी कशालाही खरे ज्ञान म्हणता येत नाही, असा निर्णय तेथे दिला आहे. कौशल्यांची संख्या कितीही वाढविली तरी त्यांच्या बेरजेतून ज्ञान निष्पन्न होत नाही, ही या समासाची भूमिका होय.

याच्या नेमकी उलट भूमिका अॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकातील निबंधात घेतली. यंत्र विचार करते काय, हा प्रश्न त्यांना संदिग्ध वाटला. त्याऐवजी, लेखी संभाषणातून यंत्र आणि माणूस यांतला फरक परीक्षकाला ओळखता येतो काय, अशी कसोटी त्यांनी सुचविली. आदल्याच वर्षी मेंदूचे शल्यचिकित्सक जेफ्री जेफर्सन यांनी असा आक्षेप घेतला होता की, चिन्हांच्या योगायोगाने नव्हे, तर स्वतःला जाणवलेल्या विचार-भावनांमुळे यंत्राने सुनीत लिहिले, तरच ते मेंदूच्या बरोबरीचे मानता येईल. ट्युरिंग यांचे उत्तर असे की, हा निकष काटेकोरपणे लावला तर दुसऱ्या माणसाच्या मनाविषयीही आपल्याला काही म्हणता येणार नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या चर्चेची दखल घ्यावयास हवी, कारण यंत्राच्या मनाविषयीच्या वादात कविता ही अगदी आरंभापासूनच साक्षीदार म्हणून उभी आहे.

पुढचा इतिहास दोन दिशांनी गेला. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' या संगणकीय कार्यक्रमाचे वर्णन प्रसिद्ध केले. समोरच्याचेच शब्द प्रश्नरूपाने परत करणाऱ्या या कार्यक्रमावर लोकांनी माणसासारखा विश्वास टाकला. त्याने व्यथित होऊन वायझेनबाउम यांनी १९७६ साली यंत्राच्या मर्यादांवर ग्रंथच लिहिला. १९८० साली जॉन सर्ल यांनी 'चिनी खोली'चा दाखला मांडला. चिनी न येणारा माणूस नियमपुस्तकाच्या आधारे चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनी अचूक उत्तरे देतो. बाहेरच्यांना तो चिनी जाणणारा वाटतो, त्याला मात्र एकही शब्द कळत नाही. मस्तगडाच्या लेखापुढील वाचक आणि खोलीतील हा माणूस यांचे नाते उघड आहे. दुसऱ्या बाजूला यंत्राचे सामर्थ्य वाढतच गेले. १९९७ साली 'डीप ब्लू'ने गॅरी कास्पारॉव्हला बुद्धिबळात हरविले. २०१७ साली 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना पुढे आली आणि नोव्हेंबर २०२२ पासून 'चॅटजीपीटी'च्या रूपाने प्रचंड लिखित संचितावर घडविलेली भाषिक प्रतिमाने सामान्य वाचकाच्या हाती आली.

मग या यंत्राला पढतमूर्ख म्हणावे काय? हा मोह स्वाभाविक असला तरी तो टाळला पाहिजे. एक तर 'दासबोधा'तील ज्ञान म्हणजे आत्मज्ञान. तो निकष लावला तर यंत्रच काय, बहुतेक माणसेही अपात्र ठरतील. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पढतमूर्खाचा दोष बौद्धिक नसून नैतिक आहे. सांगितलेले तो आचरत नाही. जाणूनही अभिमान आणि दुराशा सोडत नाही. ज्याला आचरण आहे त्याच्याच बाबतीत बोलणे आणि वागणे यांत अंतर पडू शकते. यंत्राला वागावयाचेच नसल्याने त्याला ढोंगही करता येत नाही. त्याची उणीव मूर्खपणाच्याही अलीकडची आहे.

ही उणीव कोठे जाणवते, हे पाठचिकित्सेच्या उदाहरणाने पाहता येईल. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून 'दासबोधा'ची आवृत्ती सिद्ध केली. अनेक हस्तलिखिते अक्षरशः ताडून पाहण्याचे काम आज यंत्र माणसापेक्षा वेगाने आणि न थकता करू शकते. ही मदत नाकारणे अडाणीपणाचे होईल. परंतु पाठभेदांतून निवड करताना अधिक अवघड, कमी अपेक्षित पाठ बहुधा जुना असतो, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, असे पाठचिकित्सेचे एक तत्त्व आहे. भाषिक प्रतिमानाचा स्वाभाविक कल मात्र संभाव्य शब्दाकडे असतो. या अर्थी ते लेखनिकाचे वंशज आहे. हे तत्त्व यंत्राला शिकविता येणार नाही असे नाही. पण एखादा पाठ अवघड आहे की केवळ चुकीचा, हा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी स्वीकारणे आणि चुकल्यास ते मान्य करणे, हे संपादकालाच करावे लागते.

पढतमूर्खाच्या लक्षणांत आणखी एक लक्षण समीक्षेच्या क्षेत्राला थेट भिडणारे आहे : मुळापासून ग्रंथ न पाहताच त्याला दूषण देणे. संहितेचा गोषवारा क्षणात मिळू लागल्यावर हे लक्षण यंत्रापेक्षा त्याचा उपयोग करणाऱ्याला अधिक लागू पडते. प्रबंध लिहिणाऱ्याने गोषवारा वाचून मत दिले, तर यंत्राने आपले काम केलेले असते. न केलेले काम वाचकाचे असते. माणूस आणि यंत्र यांतील सीमारेषा पुढेही सरकत राहील. मात्र वाचनाचे उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नाचे सतराव्या शतकात दिले गेलेले उत्तर बदलण्याचे कारण अद्याप दिसत नाही.