आळीचं नाव आणि दुकानाची पाटी

आजची गोष्ट चेन्नईची. मी इथं लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट बांधून देतो आणि गूगलवर त्या सापडाव्यात म्हणून खटपट करतो. अण्णा नगरमधल्या एक मराठी ताई घरगुती फराळ विकतात. त्यांनी वेबसाइटला नाव दिलं होतं तीन शब्दांचं: शहर, भाषा आणि पदार्थ. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. "दादा, माझंच नाव टाकलं तर वर दुसऱ्याची जाहिरात दिसते. ही चोरी नाही का? वकिलाची नोटीस पाठवू?"

त्यांची वर्षाची निम्मी कमाई त्या पंधरा दिवसांत होते, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, "ताई, थांबा. हाच प्रश्न घेऊन याच शहरातली एक मोठी कंपनी कोर्टात गेली होती. आधी ते ऐका."

पण त्याआधी थोडं मागं जाऊ. गिऱ्हाइकानं दुकान शोधायचं कसं, हा प्रश्न इंटरनेटपेक्षा कितीतरी जुना. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये कोरल मर्चंट स्ट्रीट आहे, म्हणजे पोवळ्याच्या व्यापाऱ्यांची गल्ली. शेजारच्या भागाचं नाव साहुकारपेट. आपल्या पुण्यात तांबट आळी आहे, बोहरी आळी आहे. पातेलं हवं असेल तर तांबट आळी गाठायची, पत्ता विचारायची गरज नाही. आळीचं नाव हीच जाहिरात. पण आळीचं नाव सगळ्या तांबटांचं असतं, एकाचं नाही. एकाची असते ती त्याच्या दुकानावरची पाटी. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता कंपनीकडे येऊ. चेन्नईच्या रोयापुरममध्ये वाढलेले मुरुगवेल जानकीरामन १९९७ मध्ये अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. तिथल्या तमिळ मंडळींसाठी त्यांनी एक वेबसाइट सुरू केली. तिच्यातल्या लग्नाच्या जाहिरातींना सर्वांत जास्त प्रतिसाद मिळाला आणि त्यातून भारत मॅट्रिमोनी उभी राहिली. मग भाषावार साइट आल्या: तमिळ मॅट्रिमोनी, तेलुगू मॅट्रिमोनी, मराठी मॅट्रिमोनीसुद्धा. लोक शोधताना जे शब्द टाकतात तेच साइटचं नाव. त्या काळात ही युक्ती फार चालायची.

मधल्या काळात गूगलनं २००० च्या ऑक्टोबरमध्ये ॲडवर्ड्स सुरू केलं. शब्द निवडा, बोली लावा. कुणी तो शब्द शोधला की तुमची जाहिरात दिसणार. पुढं क्लिकमागे पैसे घेणं आलं. जागा केवळ जास्त पैसे देणाऱ्याला मिळत नाही, जाहिरात शोधाशी किती जुळते हेही पाहिलं जातं. पण 'तमिळ' आणि 'मॅट्रिमोनी' हे शब्द प्रतिस्पर्ध्यांनाही घेता येत होते, आणि त्यांनी ते घेतले.

तेव्हा भारत मॅट्रिमोनी चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं कन्सिम इन्फो. २००९ मध्ये ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. समोर गूगल आणि लग्न जुळवणाऱ्या इतर साइट. म्हणणं सरळ होतं: ही नावं आमची नोंदलेली बोधचिन्हं आहेत, ती शोधली की दुसऱ्याची जाहिरात दिसता कामा नये. ३० सप्टेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांनी अंतरिम अर्जावर सविस्तर आदेश दिला. पुढं ते सर्वोच्च न्यायालयातही गेले. कन्सिमला हवा होता तसा मनाई हुकूम मिळाला नाही. हे शब्द सेवेचं वर्णन करणारे आहेत. तमिळ मुलामुलींची स्थळं दाखवणारा दुसरा व्यावसायिक या शब्दांवाचून आपला धंदा सांगणार तरी कसा?

म्हणजेच मंडळी, आळीचं नाव एकाला देता येत नाही.

कन्सिम तिथं थांबली नाही. २०१२ मध्ये तिनं भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध तक्रार केली. ग्राहकांसाठी काम करणारी कट्स ही संस्थाही तक्रारदार होती. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी आयोगानं गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड ठोठावला. विमानप्रवास शोधणाऱ्याला गूगल स्वतःचा कप्पा ठळक जागी दाखवत होतं, तो पक्षपात ठरला. ॲडवर्ड्सच्या बाबतीत मात्र आयोगाला दोष दिसला नाही. गूगलनं अपील केलं. बाजार ज्याच्या मालकीचा, त्यानं आपलंच दुकान पुढं मांडावं का, हा वाद अजून जगभर चालू आहे.

हे सगळं ताईंना सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आळीचं नावच पाटी म्हणून लावलं होतं." अगदी तेच! शिवाय आता ती युक्तीही जुनी झाली आहे. २०१२ मध्ये गूगलनं असा बदल केला की शोधाचेच शब्द नावात घातलेल्या, पण आत काही नसलेल्या साइट मागं पडल्या.

मग आम्ही कामाला लागलो. नोटिशीचा विचार सोडला. सासूबाईंच्या गावावरून नवं नाव ठेवलं, जे दुसऱ्या कुणाचं नव्हतं. गूगलवर दुकानाची फुकट नोंद केली: खरा पत्ता, वेळा, स्वतः काढलेले फोटो. जवळपासचं दुकान दाखवताना गूगल तीन गोष्टी पाहतं: शोधाशी जुळतंय का, अंतर किती, आणि लोकांत नाव किती. अंतर आपल्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत. त्यासाठी प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायची विनंती केली. खोटा एकही लिहवून घेतला नाही.

सर्वांत जास्त फरक मात्र शब्दांनी पडला. चेन्नईतले शेजारी 'करंजी' शोधत नाहीत, 'सोमासी' शोधतात. आपल्या अनारशाचा भाऊ त्यांचा 'अधिरसम', आणि चकली पाहिली की ते 'मुरुक्कू' म्हणतात. प्रत्येक पदार्थाचं वेगळं पान केलं, त्यावर दोन्ही नावं, दोन्हींतला फरक आणि आत काय घातलंय ते. हे शब्दही आळीचेच. ते मोकळेपणानं वापरायचे, फक्त पाटी म्हणून टांगायचे नाहीत.

पुढच्या दिवाळीत जाहिराती वर दिसतच होत्या. त्या हटल्या नाहीत, हटणारही नाहीत. पण ताईंना फोन करणाऱ्यांत तमिळ घरं होती आणि ती दुकानाचं नाव घेऊन बोलत होती. एका आजींनी विचारलं, "तुमची सोमासी आमच्यापेक्षा वेगळी म्हणे?" ताई मला सांगताना हसत होत्या.

तर मंडळी, तुमच्या दुकानाचं नाव एकदा स्वतः शोधून बघा. ती आळी आहे की पाटी? भेटू पुढच्या भागात. नमस्कार.