बांधाचा वांटा: भरपाईचा पैसा कोणाच्या हातीं?



आजचा विषय पैशाचा आहे. परंतु हा व्यापारांतला पैसा नव्हे. समुद्र नासला, खाडी निर्जीव झाली, पावसाचा नेम राहिला नाहीं, म्हणजे त्या हानीच्या दुरुस्तीसाठीं जो पैसा गांवास मिळतो किंवा मिळावयास पाहिजे, त्याचा येथें विचार करावयाचा आहे. पालघर, बोईसर व तारापूर या मुलुखाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहतां असा पैसा तीन वाटांनीं येऊं शकतो असें दिसतें: दंड म्हणून, अनुदान म्हणून आणि हक्काचा वांटा म्हणून. रक्कम किती, हा प्रश्न आपण नेहमीं विचारतों. ती कोणाच्या हातीं पडते, हें क्वचितच विचारतों. माझ्या मतें खरा प्रश्न हा दुसराच आहे.

हा प्रश्न आजकालचा नाहीं. उत्तर कोंकणांत भरतीचें पाणी अडवून, खाजणांत बांध घालून, आपल्या पूर्वजांनीं भातशेती केली. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, अशा जमिनींच्या बाहेरच्या बांधाची जबाबदारी शिलोत्रदारांवर असे, आणि त्या दुरुस्तीसाठीं ते कुळांकडून भाताचा ठराविक वांटा घेत. समुद्रापासून रक्षण व्हावें म्हणून उभारलेला हा एक निधीच होता. परंतु वांटा देणाऱ्या कुळाच्या हातीं हिशेब विचारण्याची सत्ता नव्हती. त्यामुळें पुढें कित्येक ठिकाणीं वांटा वसूल होत राहिला आणि बांध मात्र ढासळत गेला. १९४८ सालीं मुंबई सरकारानें खारजमिनींचा कायदा करून या कामांत हात घातला. निधि असूनहि बांध कां फुटतो, याचें उत्तर या जुन्या गोष्टींत आहे.

आतां कुलाब्याहून उत्तरेस तारापुराकडे येऊं. इतिहासाच्या पुस्तकांत हें नांव येतें तें १७३९ च्या वसई मोहिमेंत. बाजी भिवराव येथेंच धारातीर्थीं पडला. पुढें १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र येथें सुरू झालें आणि तारापूर पुन्हां सर्वांच्या तोंडीं झालें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. त्याची मोठी वसाहत बोईसरच्या शेजारीं वसली. रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने आले. हजारों घरांत चूल पेटली, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कारखान्यांचें सांडपाणीहि आलें. तें शुद्ध करण्यासाठीं जें सामाईक केंद्र उभारलें, त्याची शक्ति दिवसाला अडीच कोटी लिटरची होती आणि येणारें पाणी त्याहून अधिक होतें. उरलेल्या पाण्याला वाट एकच, नाले, खाडी आणि नवापूरचा समुद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं औद्योगिक क्षेत्रांचें मोजमाप केलें, तेव्हां तारापुरास शंभरांपैकीं ९३.६९ गुण मिळाले. शाळेंत असे गुण मिळविणारा मुलगा पहिला येतो. तारापूरहि देशांत पहिलें आलें, पण प्रदूषणांत.

या खाड्यांच्या आसपासचीं गांवें कोणतीं, हेंहि ध्यानीं घ्यावें. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघर येथें जे पांच वीर गोळीबारांत हुतात्मे झाले, त्यांत सातपाटी, मुरबें, नांदगांव व सालवड येथील तरुण होते. त्याच गांवांच्या परिसरांत पुढें निवट्या, चिंबोऱ्या आणि बोय यांवर पोट भरणारांची पंचाईत झाली.

अशा वेळीं अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या मच्छिमारांच्या संस्थेनें २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ज्यानें घाण केली त्यानें ती निस्तरण्याचा खर्च द्यावा, हें या न्यायाधिकरणाचें तत्त्व आहे. त्यानुसार जानेवारी २०२२ मध्यें शंभराहून अधिक कारखान्यांवर मिळून सुमारें १८६ कोटी रुपयांची भरपाई बसविण्यांत आली. कारखानदारांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. कोर्टकचेरीचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट उरते. असा दंड सरकारी मंडळाकडे भरावयाचा असतो, आणि तो कसा खर्चावा हें अधिकारी व तज्ज्ञ यांच्या समित्या ठरवितात. ज्याचें जाळें रिकामें आलें, त्याला त्या बैठकींत बसण्याचा हक्क असतोच असें नाहीं.

शेजारच्या डहाणू तालुक्याचा इतिहास थोडा निराळा आहे. १९९१ सालीं केंद्र सरकारानें या तालुक्याच्या रक्षणासाठीं अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानें निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमलें गेलें. तेथील औष्णिक वीजकेंद्रानें धुरांतील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी म्हणून या प्राधिकरणानें २००५ सालीं ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, आणि पुढें ती यंत्रणा बसली. पैसा हानीपूर्वींच ओलीस ठेवला, तर तो किती उपयोगी पडतो, याचा हा धडा होय. परंतु याच प्राधिकरणानें २०२३ सालीं वाढवण बंदरास संमति दिली, आणि किनाऱ्यावरील मच्छिमारांचा त्यास विरोध होता. तात्पर्य, भला पंच असला तरी पंच तो पंच. गांव तें गांव.

दुसरी वाट अनुदानाची. महाराष्ट्र सरकारानें २०१७ सालीं कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना काढली. खाडीकांठच्या गटानें खेकडे किंवा मासे पाळण्याचा उद्योग केला, तर खर्चाचे ९० टक्के सरकार देतें व १० टक्के गटानें घालावयाचे. एकट्या माणसास ७५ टक्के मिळतात. पुढें २०१८ सालीं जागतिक हरित हवामान निधीनें महाराष्ट्र, आंध्र व ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठीं सुमारें ४ कोटी ३४ लाख डॉलरांचें अनुदान मंजूर केलें. या योजनांत एक गोष्ट चांगली आहे. स्वतःचे दहा टक्के घालणारा माणूस उरलेल्या नव्वदांचीहि राखण करतो. उणीव एवढीच कीं अनुदानास मुदत असते. मुदत संपली म्हणजे कागद मिटतो, भरती मात्र दिवसांतून दोनदां येतच राहते.

तिसरी वाट हक्काची. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस अधिकार दिले. महाराष्ट्रानें २०१५ सालीं असें ठरविलें कीं, आदिवासी उपयोजनेच्या निधीचे पांच टक्के थेट या क्षेत्रांतील ग्रामपंचायतींस द्यावे, आणि ते कोठें खर्चावे हें ग्रामसभेनें ठरवावें. वनसंवर्धन, जलसंधारण व वनहक्कांची अंमलबजावणी हीं कामें त्यांत येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजीं जन्मलेल्या पालघर जिल्ह्याचा बराच भाग या क्षेत्रांत आहे. येथें गांवास हात पसरावा लागत नाहीं. आपला कोष आपण उघडावयाचा असतो. परंतु पालघर तालुक्यांतील सर्व गांवें या क्षेत्रांत नाहींत. डोंगरांतल्या पाड्यास जो हक्क मिळाला, तो हक्क ज्यांच्या दारीं कारखान्याचें पाणी येतें अशा प्रत्येक गांवास मिळालेला नाहीं.

कोणी म्हणेल, गांवाच्या हातीं पैसा दिला तर तो उधळला जाईल. ही भीति अगदींच खोटी नाहीं. परंतु सातपाटीच्या मच्छिमारांनीं सहकारी संस्था चालवून दाखविल्या आहेत. हिशेब ठेवण्याची विद्या कोणा एका वर्गाची मिरास नव्हे. म्हणून भरपाईच्या रकमेंतील ठरलेला भाग बाधित गांवांच्या कोषांत जावा, आणि त्याचा जमाखर्च दरवर्षीं ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा, एवढें मागणें अवाजवी म्हणतां येणार नाहीं. शिलोत्राचा बांध फुटला तो भात कमी जमलें म्हणून नव्हे. भात देणारास विचारण्याची सोय नव्हती, म्हणून तो फुटला. नवापूर आणि मुरब्याच्या खाडीकांठीं तीच चूक आपण पुन्हां करूं नये.