भायखळा-परळ : एका अल्पायुषी मतदारसंघाचें चरित्र

राजघराण्यांच्या वंशावळी आपण आस्थेनें जपतों; मतदारसंघांच्या जन्ममृत्यूची दखल मात्र सहसा कोणी घेत नाहीं. तरीही मुंबई प्रांतांतील 'भायखळा व परळ' या मतदारसंघाचें चरित्र आम्हांस विचारार्ह वाटतें. १९३५ च्या कायद्यानें तो जन्मास आला, १९३७ व १९४६ या दोन निवडणुका त्यानें पाहिल्या, आणि स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या निवडणुकीपूर्वीं नवी मांडणी होऊन तो लोपला.

हा गिरणगांवचा मुलूख. येथें एक जागा अस्पृश्यांसाठीं राखीव होती. १९३२ च्या पुणें करारानें प्रांतिक कायदेमंडळांतील अशा जागा ७१ वरून १४८ वर नेल्या. परंतु त्यांच्या मोबदल्यांत स्वतंत्र मतदारसंघाचा हक्क गेला. उमेदवार अस्पृश्य, मतदार मात्र सर्व जातींचे. मग निवडून येणारा नक्की कोणाचा प्रतिनिधि?

१९३७ मध्यें ह्या प्रश्नाची कसोटी लागली. स्वतंत्र मजूर पक्षातर्फें डॉ. आंबेडकर, तर काँग्रेसतर्फें १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक बळी घेणारे क्रिकेटपटु पालवणकर बाळू उभे राहिले. पुणें करारावर दोघांच्याही सह्या होत्या. त्याच करारानें त्यांस समोरासमोर आणलें. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं.

हे आंकडे मतांचे आहेत, माणसांचे नव्हेत, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. मुंबई प्रांतांत जितक्या जागा तितकीं मतें प्रत्येक मतदारास असत, आणि तीं सारीं एकाच उमेदवारास देण्याची त्यास मुभा असे. संख्येनें थोडा पण एकजुटीचा समाज ह्या रीतीनें आपलें वजन वाढवूं शके. करारांत जें गेलें, त्यांतील कांहीं अंश मतमोजणीच्या एका नियमानें परत दिला, असें आमचें मत आहे.

निवडून येतांच आंबेडकरांनीं त्याच वर्षीं खोती रद्द करण्याचें विधेयक मांडलें. परंतु १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व विधिमंडळाचें कामकाज थांबलें. १९४६ मध्यें त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला, आणि घटनासमितींत त्यांस प्रथम बंगालमधून जावें लागलें.

तात्पर्य, मताचा हक्क कोणास आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. मतदारसंघाची सीमा कोणी आंखली व मतें कशीं मोजलीं, हेंही सुज्ञांनीं विचारिलें पाहिजे.