पकड आणि सुटका : तालमीतल्या एका जुन्या विद्येची हकीकत



महाडहून निघून पोलादपूर मागे टाकले आणि आंबेनळीचा घाट चढू लागलो, की एस.टी.तल्या मुलांची गाणी आपोआप थांबतात. काहींना वळणे लागतात म्हणून, आणि काहींचे डोळे प्रतापगड कुठे दिसतो ते शोधत असतात म्हणून. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाची सहल घेऊन मी ह्याच वाटेने गेलो होतो. गडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, हे मुलांना ठाऊक होते. गडावरून खाली पाहताना एक मुलगा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "सर, मग आपण कोणाच्या बाजूचे?"

चौथीच्या पुस्तकापासून तो ही गोष्ट वाचत आला होता. परीक्षेत तिला पुरे गुणही मिळवीत होता. पण त्याच्या मनात हा प्रश्न इतकी वर्षे दबून राहिला होता आणि आम्हां शिक्षकांपैकी कोणालाही तो दिसला नव्हता. त्या वेळी मी त्याला अर्धेमुर्धे उत्तर दिले. उरलेले उत्तर ह्या लेखात देण्याचा विचार आहे. मात्र ते देताना मी तुम्हांला थोडे आडवाटेने, तालमीच्या हौद्यातून नेणार आहे.

10 नोव्हेंबर 1659 रोजी गडाखालच्या शामियान्यात जे घडले, त्यात सैन्याची लढाई नंतर आली. पहिले काही क्षण दोन माणसांच्या अंगाअंगांतले होते. एकाने दुसऱ्याची मान धरली आणि दुसरा त्या पकडीतून सुटला. पुढचा सारा इतिहास त्या सुटण्यावर उभा आहे. पकडीतून सुटण्याच्या विद्येचे ह्याहून नावाजलेले उदाहरण महाराष्ट्रात नाही, आणि ते आपल्या तालुक्याच्या वेशीवर आहे.

ह्या प्रसंगाच्या दोन जुन्या कथनांत थोडा फरक आहे. कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बखर लिहिली. तिच्यात खानाने राजांची मुंडी काखेत दाबली, कुशीत जमदाड चालविली, ती अंगरख्याच्या आतल्या चिलखतावर खरखरली. मग राजांनी वाघनख व बिचवा चालविला, मुंडी हिसडून सोडविली आणि चौथऱ्याखाली उडी घेतली, असा क्रम आहे. कवींद्र परमानंदांच्या संस्कृत शिवभारतात वाघनखांचा उल्लेखच नाही. तेथे खान डाव्या हाताने मान पकडतो आणि दुसऱ्या हाताने कट्यार चालवितो. शिवाजी महाराज बाहुयुद्धात निपुण असल्यामुळे मान चटकन सोडवून घेतात, अंग किंचित आक्रसून कट्यारीचा वार चुकवितात आणि मग स्वतःचे शस्त्र चालवितात.

शस्त्रांबद्दल मतभेद असो. मान पकडली गेली आणि मान सुटली, ह्यावर दोन्ही ग्रंथ एक आहेत. 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात काही काळासाठी आली, तेव्हा ती पाहायला लोक लोटले. ती नेमकी तीच आहेत काय, हे त्या म्युझियमनेही ठामपणे सांगितलेले नाही. माझ्या मनात आले, नखांसाठी एवढी रांग लागली, पण ती मान कशी सुटली हे कोणीच विचारले नाही! नखे काचेच्या पेटीत ठेवता येतात, अंगातली तालीम ठेवता येत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. शिवभारतात महाराजांबरोबरच्या दहा निवडक अंगरक्षकांची नावे दिली आहेत. त्यांत संभाजी कावजी आहे, येसाजी कंक आहे, जिवा महाला आहे. आणि त्याच यादीत सिद्दी इब्राहिम आहे. जिवाच्या सांगण्यासोगे इब्राहिमाचे नाव आपल्या घरांत कितीदा घेतले जाते? उलट बाजूला पाहा. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि जावळीचा प्रतापराव मोरे खानाच्या गोटात होता. ही विजापूरची पातशाही आणि उभे राहू पाहणारे स्वराज्य ह्यांची झुंज होती. दोन्ही छावण्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती. "कोणाच्या बाजूचे" ह्याचा निवाडा त्या माणसांनी आपापल्या निष्ठेने, वतनाने आणि काहींनी लोभाने केला. साडेतीनशे वर्षांनंतर सातवीच्या मुलाने तो आपल्या आडनावावरून करावा, असे त्या यादीत काहीही नाही.

एवढे सांगून मी तालमीकडे येतो.

'तालीम' हा शब्दच पाहा. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. आपल्या संस्थांच्या पाट्यांवर तो त्याच अर्थाने असतो. मराठीत मात्र तो लाल मातीच्या हौद्यावर जाऊन बसला. 'वस्ताद' म्हणजे फारसीतला उस्ताद, शिक्षक. 'कुस्ती' फारसी, 'पेच' फारसी आणि 'कसरत' अरबी. त्यांच्याच शेजारी मल्ल, दंड, मुद्गल हे संस्कृत शब्द नांदतात. ही विद्याही तशीच मिसळून वाढली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या मानसोल्लासात मल्लांचा आहार, सराव आणि पकडी ह्यांचे वर्णन आहे, म्हणजे परंपरा जुनी. पुढे दख्खनच्या पातशाह्यांच्या काळात तिने फारसी भाषा उचलली. आज हौद्यात उतरणारा पोरगा हे दोन्ही थर एका वाक्यात बोलतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

तालमीत प्रत्येक डावाला तोड असते. डाव शिकविणारे पुष्कळ मिळतात, पण तोड शिकविणारा वस्ताद विरळा. कुस्तीपलीकडे 'बंदेश' नावाची एक विद्या होती. शस्त्र घेऊन आलेल्याला त्याचा जीव न घेता निःशस्त्र करायचे, ही तिची दिशा. 'बिनोट' ही तिचीच जवळची बहीण. रुमालाच्या टोकाला नाणे बांधून त्याचेच हत्यार करणे हा तिच्यातला एक प्रकार. दुबळ्याने बळकटाच्या हातून निसटावे, ह्यासाठी ह्या विद्या होत्या.

त्या जपणाऱ्यांत एक नाव आपल्या मुलांना अवश्य सांगावे, ते बडोद्याच्या जुम्मादादांचे. गायकवाडांच्या बडोद्यातले हे मुसलमान वस्ताद. त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे, म्हणजेच राजरत्न प्रोफेसर माणिकराव. शिष्याने आपली सारी हयात ज्या संस्थेला वाहिली, ती आजही 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' म्हणून ओळखली जाते. तांबे आडनावाच्या मराठी शिष्याने आपल्या कीर्तीच्या भरात वास्तूवर स्वतःचे नाव न घालता मुसलमान उस्तादाचे घालावे, ह्यावर वेगळे भाष्य नको. ह्याच माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून त्याने 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. म्हणजे आज शाळाशाळांतून जी योगासने होतात, त्यांच्या आधुनिक अभ्यासाची एक मुळी जुम्मादादांच्या आखाड्यापर्यंत पोहोचते. बडोद्यातच द. चिं. मुजुमदार ह्यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. अमरावतीत 1914 पासून हनुमान आखाड्याच्या मंडळींनी ह्या खेळांचे शिक्षण पद्धतशीर केले आणि 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्यांचे प्रात्यक्षिक दाखविले.

मग ही विद्या आपल्या मुलांपर्यंत का पोहोचली नाही? माझे मत सांगतो, पटले नाही तर सोडून द्या. कुस्ती बक्षिसाची झाली. मैदानी कुस्तीत पाठ लावणे महत्त्वाचे, सुटून पळणे हा दोष! तोड मागे पडली, आणि तालमीच्या दारात मुलींना तर कोणी उभेच केले नाही. जपानात उलट घडले. जिगोरो कानो ह्या शिक्षकाने जुन्या जुजुत्सूच्या घराण्यांत शिकून, त्यातले घातक भाग सरावातून बाजूला ठेवले आणि 1882 मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा काढली. कानो पेशाने शिक्षक होता, हे मुद्दाम लक्षात घ्या. इंग्लंडात मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना पोलीस दंडाला धरून फरफटत नेत, तेव्हा 1910 च्या आसपास ईडिथ गॅरुड ह्या बाईंनी त्यांना जुजुत्सू शिकविले. रवींद्रनाथांनी 1929 मध्ये ताकागाकी हे ज्युदोचे शिक्षक शांतिनिकेतनात आणविले, आणि तेथे मुलीही शिकल्या. आज महाडात कोणी कराटेचा वर्ग काढला तर डावांची नावे जपानी असतात. असोत बापडी. माणसाचा अंगठा जपानात आणि कोकणात सारखाच असतो.

अंगठ्याचे म्हणतो ते थट्टेने नव्हे. कोणी तुमचे मनगट धरले, तर चार बोटे एका बाजूने आणि एकटा अंगठा दुसऱ्या बाजूने येतो. अंगठा व बोटे जेथे भेटतात ती फट हे पकडीचे दार आहे. घाबरलेला माणूस हात सरळ मागे ओढतो, म्हणजे चार बोटांच्या आणि समोरच्याच्या सगळ्या वजनाच्या विरुद्ध झगडतो. त्याऐवजी मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, एक पाऊल पुढे टाकावे, कोपर त्याच्या कोपराकडे न्यावे आणि आपला पंजा आपल्याच खांद्याकडे आणावा. तुमचा पूर्ण हात विरुद्ध त्याचा एक अंगठा असा सामना होतो. त्याने दोन्ही हातांनी एक मनगट धरले, तर आपल्या मोकळ्या हाताने आपलीच मूठ पकडावी आणि दोन्ही हातांचे बळ त्याच फटीतून वर काढावे. केस धरले तर त्याचा हात दोन्ही तळव्यांनी आपल्या डोक्यावर घट्ट दाबून धरावा. ओढ थांबली की वेदना निम्मी होते आणि विचार सुचतो. मागून कवळ घातली तर ताठ उभे राहू नये. गुडघे वाकवून बूड खाली सोडावे, पाय फाकवावेत, म्हणजे उचलणे कठीण होते. मग त्याच्या जुळलेल्या हातांतले एकच बोट शोधून ते सोडवावे.

मान काखेत सापडली, तर आधी श्वास. हनुवटी छातीकडे दाबून तोंड त्याच्या बरगड्यांकडे वळवावे, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढावा आणि पाय आपल्या अंगाखाली ठेवावेत. पाय निसटले की मान त्याची झाली. मानेचा सराव मात्र मुलांनी जाणत्या शिक्षकावाचून मुळीच करू नये, घरी भावंडांवर तर नाहीच.

आणि सुटल्यावर? सभासदाच्या बखरीत राजे चौथऱ्याखाली उडी घेतात, हे विसरू नका. सुटल्यावर थांबायचे नाही. ओरडायचे, आणि उजेडाकडे व माणसांकडे धावायचे. कायदाही हेच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागते त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. सुटल्यानंतर मागे वळून मारलेला ठोसा बचावात बसेलच असे नाही, हे मोठ्या मुलांना मी निक्षून सांगतो.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचे मनगट मला काळेनिळे दिसले. एस.टी. स्टँडवरच्या गर्दीत कोणीतरी हात धरला होता. तिने घरी सांगितले नव्हते. सांगितले तर शाळा बंद होईल, ही भीती. ही भीती मनगटापेक्षा घट्ट धरते, पालकहो. मुलींना शनिवारी अर्धा तास हे शिकवावे असे मी पालकसभेत सुचविले, तेव्हा एक गृहस्थ उठले. "सर, मुलींना हे कशाला? आम्ही आहोत ना सोडायला-आणायला." मी वाद घातला नाही. त्यांची मुलगी तेथेच होती. मी त्यांना म्हटले, "चाचा, तिचे मनगट धरा. अगदी घट्ट." त्यांनी हसत हसत धरले. मुलीने एकवार माझ्याकडे पाहिले, एक पाऊल पुढे टाकले, कोपर वळविले आणि हात मोकळा केला.

चाचा आपल्या रिकाम्या पंजाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "थांब, नीट धरलं नव्हतं. पुन्हा कर."

तिने पुन्हा केले.