सीताबर्डीची धाकटी टेकडी

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीड गावाच्या पायाखालचा लाव्हाचा काळा पाषाण वऱ्हाड ओलांडून पूर्वेकडे जातो आणि नागपुरापाशी संपतो. सीताबर्डी त्याच्या या काठावर उभी आहे. हिस्लॉप आणि हंटर यांच्या १८५५ च्या भूशास्त्रीय निबंधात नागपूर परिसरातील लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या, गोड्या पाण्यातल्या जीवांच्या जीवाश्मांची नोंद आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती.

सीताबर्डी म्हणजे खरे तर दोन टेकड्या. दक्षिणेची मोठी, उत्तरेची धाकटी, मध्ये सखल खिंड. धाकटीच्या पायथ्याशी वस्ती भिडलेली होती आणि तिथून मोठी टेकडी बंदुकीच्या टप्प्यात येई. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी चकमक पेटली, तेव्हा ब्रिटिश रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूने सुमारे १४०० माणसे होती. धाकटी टेकडी मद्रासच्या २४ व्या पलटणीच्या ३०० शिपायांकडे होती. रात्रभर त्यांनी ती राखली. पहाटे, संख्या घटल्यावर, त्यांना मागे बोलावले, आणि सकाळी अप्पासाहेबांच्या अरब सैनिकांनी ती घेऊन तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली.

इंग्रजी वृत्तांतांत यापुढचे सगळे श्रेय कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाला जाते. त्या हल्ल्याने तोफा हाती आल्या हे खरे. पण पायदळाने धाकटी टेकडी परत घेतली नसती, तर मोठीवर टिकून राहणे अशक्य झाले असते, असे माझे मत आहे. भूगोल तेच सांगतो. दुपारपर्यंत लढाई संपली. हल्ला आपल्या हुकमावाचून झाला, असे अप्पासाहेबांनी कळवले. १६ डिसेंबरला ते रेसिडेन्सीत स्वाधीन झाले.

या इंग्रजी वृत्तांतांत अधिकारी नावानिशी येतात, शिपाई मात्र केवळ आकड्यांनी: मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेहून अधिक. तरी त्यांचा आवाज एका ठिकाणी उमटतो. ही २४ वी पलटण मुळात मद्रासची पहिली. १८०६ मध्ये वेल्लोरला नवी पगडी आणि कपाळावरच्या गंधाची बंदी यांविरुद्ध उठाव झाला, त्याबद्दल तिचा क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीनंतर शिपायांनी बक्षीस म्हणून तो जुना क्रमांक मागितला. सरकारने तो परत दिला.